मेंदूवरचा आळ

जन्मापासून ऐकू न येणारं मूल दीड वर्षाचं झालं तरी पाऊल टाकत नाही, तेव्हा घरात कुजबुज सुरू होते. कान अधू आहेत हे एव्हाना कळलेलं असतं, ते दुःख पचवायलाही सुरुवात झालेली असते. पण न चालण्याचा कानाशी काय संबंध? मान उशिरा धरली, बसायला उशीर झाला, आणि आता उभं केलं की कोसळतं. कुणीतरी वडीलधारं हळूच म्हणतं, "कानाचं एक वेळ सोडा, याच्या डोक्यातच काहीतरी राहून गेलंय." पुढे ते मूल चालू लागतं, मूकबधिरांच्या शाळेत जातं, खुणांच्या भाषेत भराभरा बोलू लागतं, हुशारही निघतं. मग नवव्या-दहाव्या वर्षी दिवेलागणीनंतर ते दाराच्या चौकटीला थडकायला लागतं. ताटाशेजारचा तांब्या लवंडतं. लख्ख उन्हातून घरात आलं की जागीच थबकतं. 'धांदरट' असा शिक्का बसतो. बाजूने कुणी अचानक हात लावला की दचकून अंगावर धावून जातं, म्हणून 'तापट' हाही. अखेर एक दिवस डोळ्यांचे डॉक्टर थेंब घालून पडदा तपासतात, कडेला काळपट डागांची जाळी दिसते, आणि बहिरेपणा, तोल आणि रातांधळेपणा ही तीन वेगळी दुखणी नसून एकच आहे, हे कुणालातरी पहिल्यांदा सुचतं.

या आजाराचं नाव अशर सिंड्रोम. आनुवंशिक कारणांनी ऐकणं आणि पाहणं दोन्ही गमावणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसं याच आजाराची असतात. आई आणि वडील दोघेही धडधाकट असतात, दोघांकडेही एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असते, आणि दोन्ही सदोष प्रती ज्या मुलाकडे येतात त्याला आजार होतो. दर गर्भारपणात ही शक्यता पंचवीस टक्के असते. आत्ते-मामे भावंडांच्या लग्नांत अशा दोन प्रती एकत्र येण्याचा धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अजून आहे. मात्र नात्यात लग्न न करणाऱ्या घरांतही हा आजार येतो, तेव्हा या कारणावरून कुणा आईबापांना टोचून बोलण्यात अर्थ नाही.

कान आणि डोळे यांच्याबद्दल या आजाराच्या संदर्भात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते मेंदूबद्दल. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अशरच्या रुग्णांच्या मेंदूवर वारंवार संशय घेतला गेला. तो संशय कधी साफ खोटा निघाला, कधी अर्धा खरा. आणि एका ठिकाणी, जिथे कुणी पाहिलंही नव्हतं, तिथे खरा निघाला. यातला फरक कळला नाही, तर त्याची किंमत मूल मोजतं.

आजाराची ओळख तशी जुनी. हेल्महोल्ट्झनं १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण तयार केलं आणि सात वर्षांत, १८५८ साली, बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी पडद्यावर काळे डाग असलेल्या एका बहिऱ्या माणसाची नोंद केली. त्यांचे सहकारी रिचर्ड लीबराइख यांनी १८६१ मध्ये बर्लिनमधल्या बहिऱ्या लोकांचे डोळे पद्धतशीरपणे तपासले आणि नात्यातल्या लग्नांकडे बोट दाखवलं. नाव मात्र मिळालं ते स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे नेत्रवैद्य चार्ल्स हॉवर्ड अशर यांचं. १९१४ साली त्यांनी पडद्याच्या या विकाराचे ६९ रुग्ण मांडले, त्यांतले १९ बहिरे होते, आणि हे घराण्यातून उतरतं हे त्यांनी ठामपणे सांगितलं.

या तिघांपैकी कुणीही मेंदूवर आळ घेतला नव्हता. तो आला १९५९ साली, स्वीडनमधून. बर्टिल हॉलग्रेन या संशोधकानं १७७ रुग्णांचा अभ्यास केला. इतकं बारकाईचं काम तोवर कुणी केलेलं नव्हतं. त्याच्या प्रबंधाच्या शीर्षकातच बहिरेपणा आणि पडद्याचा विकार यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या: आतल्या कानामुळे आणि लहान मेंदूमुळे जाणारा तोल, आणि काही रुग्णांतली मानसिक विकृती. त्याच्या रुग्णांपैकी बहुतेकांचा तोल बिघडलेला होता. सुमारे चौघांतल्या एकाला बौद्धिक कमतरता होती आणि जवळजवळ तितक्याच लोकांना मनोविकार, बरेचसे स्किझोफ्रेनियासारखे. हॉलग्रेन काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता, त्याच्या निरीक्षणांत खोट काढण्यासारखं फारसं नाही. पण त्याच्या पुस्तकाचा आधार घेऊन पुढच्या दोन पिढ्यांनी असं धरून चाललं की हा आजार मुळात मेंदूलाही पोखरतो.

आधी तोलाचं पाहू, कारण तिथला खुलासा सर्वांत स्वच्छ आहे.

आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाकृती नळीला लागूनच तोलाची इंद्रियं असतात: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या. दोन्हीकडच्या पेशी एकाच जातीच्या. त्यांच्या माथ्यावर सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. या जुडग्यातला प्रत्येक तंतू शेजारच्या उंच तंतूला टोकाशी एका अतिसूक्ष्म दुव्यानं जोडलेला असतो. आवाजानं किंवा डोकं हलल्यानं जुडगा कलला की दुवा ताणला जातो, पेशीचं दार उघडतं, आणि विद्युत संदेश निघतो. २००७ साली कळलं की हा दुवा दोन प्रथिनांचा बनलेला आहे: वरचा भाग कॅडहेरिन-२३ चा आणि खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ चा. या दोन्ही प्रथिनांची जनुकं अशर सिंड्रोमची जनुकं आहेत. दुवाच नसेल तर ना ऐकू येणार, ना आपलं डोकं कुठे झुकलंय हे कळणार.

आजाराच्या पहिल्या प्रकारात नेमकं हेच होतं. ही मुलं ठार बहिरी जन्मतात आणि त्यांची तोलाची इंद्रियंही जन्मापासून मुकी असतात, म्हणून ती दीड वर्षानंतर चालतात. दुसऱ्या प्रकारात बहिरेपणा मध्यम ते तीव्र, तोल शाबूत, आणि मूल वेळेवर चालतं. तिसऱ्यात ऐकणं हळूहळू जातं. हा प्रकार फिनलंडमध्ये आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू समाजात अधिक दिसतो. हॉलग्रेनच्या रुग्णांपैकी बहुसंख्य पहिल्या प्रकारचे होते. त्यांच्या झोकांड्या आतल्या कानामुळे जात होत्या. लहान मेंदूचं नाव त्या तोलाला जोडलं गेलं, कारण तोल बिघडला की डॉक्टरांचं लक्ष आधी तिकडेच जायचं.

या मुलांना दिवसा, सपाट जमिनीवर फारशी अडचण येत नाही, कारण डोळे तोलाचं काम उचलून धरतात. अंधार पडला किंवा वाळूत पाय रुतले की ती पडतात. आणि पुढे डोळ्यांचं क्षेत्र बोगद्यासारखं अरुंद होत गेलं की तोलाचा तो आधारही निसटतो. इथे आईवडिलांना एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुणी सांगत नाही. पाण्याखाली डोळे मिटले की अशा मुलाला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. गावच्या विहिरीत किंवा नदीच्या डोहात सूर मारायला शिकवण्यापूर्वी त्याच्या तोलाची तपासणी झालेली असावी, आणि पोहताना सोबत कायम मोठं माणूस असावं.

मनोविकाराचा प्रश्न इतका सरळ नाही. २०१२ साली डेन्मार्कच्या येस्पर डामेयर यांनी अशर सिंड्रोम असलेली २६ मुलं पाहिली. त्यांतल्या ६ जणांना मानसिक किंवा वर्तनाचा विकार होता. म्हणजे हॉलग्रेनचा चौथा हिस्सा इतक्या वर्षांनंतरही, दुसऱ्या देशात, मुलांमध्ये जवळपास तसाच सापडला. तेव्हा हे सगळं जुन्या डॉक्टरांच्या पूर्वग्रहाचं फळ आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. स्वीडनमधल्या ऑरेब्रोच्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या प्रौढ रुग्णांना विचारलं, तेव्हा थकवा, डोकेदुखी, निराशा आणि आत्महत्येचे विचार ही उत्तरं सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आली.

पण हा मेंदूचा मूळ रोग मानायचा का? जरा त्या जागी उभं राहून पाहू. ज्याला भाषाच उशिरा मिळाली, त्याच्या आत साठलेलं बाहेर कसं येणार? सोळाव्या वर्षी ज्याला सांगितलं जातं की हाताच्या खुणा ज्या डोळ्यांनी वाचतोस ते डोळेही जाणार आहेत, त्याची झोप उडाली तर तो आजार म्हणायचा की शोक? पाहण्याचं क्षेत्र अरुंद झाल्यावर माणसं कडेतून अकस्मात उगवल्यासारखी समोर येतात. आपल्यामागे कोण काय बोलतं ते कळत नाही. संशय वाढतो. अशा माणसाची मनोविकारतज्ज्ञाशी गाठ पडते ती बहुधा खुणांची भाषा धड न येणाऱ्या नातेवाइकाच्या मध्यस्थीनं, आणि त्या मुलाखतीवरून निदान ठरतं.

त्यात भास होण्याचा एक वेगळाच प्रकार आहे. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं होतं: दृष्टी अधू झालेल्या, पण डोकं ठिकाणावर असलेल्या त्या वृद्धाला माणसं, पक्षी आणि इमारती दिसत, आणि त्या खऱ्या नाहीत हे त्याला ठाऊक असे. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदूचा दृष्टीचा भाग आपणहून चित्रं तयार करतो. कानांचंही तसंच, बहिरेपणात काहींना गाणी ऐकू येतात. यात वेड नाही. ज्याला दिसणं आणि ऐकणं दोन्ही कमी आहे त्याला दोन्ही तऱ्हांचे भास होऊ शकतात, आणि तो ते खुणांनी सांगू लागला की ऐकणारा घाबरतो. वर्षानुवर्षं चुकीची औषधं चालू राहायला एवढं पुरतं. प्रत्येक अशर रुग्णाचा मनोविकार असाच खोटा असतो असं मी म्हणत नाही. खरा मनोविकारही असतो आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण आधी भाषा जाणणारा दुभाषा, मग निदान, एवढा क्रम तरी पाळला गेला पाहिजे.

✽

एमआरआय आल्यावर या जुन्या वादात प्रत्यक्ष मोजमाप आलं. अमेरिकेत शेफर, किम्बरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी १९ रुग्णांचा लहान मेंदू मोजला. तो पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही प्रकारांत आकसलेला आढळला. फक्त त्याच्या मधल्या पट्ट्याचे वरचे भाग दुसऱ्या प्रकारात वाचले होते. मग १९९८ साली त्यांनी पुन्हा १९ जणांच्या (काही आधीचेच) संपूर्ण मेंदूचं आकारमान त्याच वयाच्या आणि लिंगाच्या निरोगी लोकांशी ताडून पाहिलं. कवटीच्या आतली जागा कमी, मेंदू लहान, लहान मेंदूही लहान, आणि मेंदूभोवतीच्या पाण्याची जागा किंचित वाढल्यासारखी. लेखकांचा निष्कर्ष असा की हा आजार कान-डोळ्यांपुरता किंवा डोक्याच्या मागच्या भागापुरता मर्यादित नाही, साऱ्या मेंदूला गाठतो.

या शोधनिबंधातला सर्वांत बोलका आकडा मला कवटीच्या आतल्या जागेचा वाटतो. कवटी वाढते ती आतला मेंदू वाढतो म्हणून, आणि तेही बहुतेक लहानपणीच. मोठेपणी मेंदू झिजला तर कवटी लहान होत नाही, आत पोकळी तेवढी वाढते. कवटीतली जागाच कमी असेल तर जे घडलं ते वाढीच्या वयात किंवा त्याही आधी घडलेलं असणार. म्हणजे ही गोष्ट निदान अंशतः तरी वाढीची आहे.

पण कशामुळे? इथे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अशी की ते सगळे रुग्ण खरंच अशरचे होते का, हाच प्रश्न. पहिल्या प्रकारचं पहिलं जनुक, मायोसिन-७ए, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या क्रिस्टीन पेती यांच्या गटाच्या सहभागानं १९९५ साली सापडलं, आणि दुसऱ्या प्रकारचं प्रमुख जनुक १९९८ मध्ये. आज किमान नऊ जनुकं पक्की माहीत आहेत. जनुकं सापडण्याआधीची सारी निदानं बहिरेपणा अधिक पडद्याचा विकार एवढ्या बेरजेवर झालेली. आणि ही बेरीज दुसऱ्या आजारांतही जमते. रेफ्सम रोगात पडदा जातो, कान जातात, हातापायांच्या नसा आणि तोल बिघडतो, वास येईनासा होतो. कारण शरीरात फायटॅनिक आम्ल नावाचा मेदाचा एक घटक साठत जातो. नॉर्वेच्या सिग्वाल्ड रेफ्सम यांनी १९४६ साली त्याचं वर्णन केलं. हे आम्ल येतं तूप, लोणी, मटण आणि गोमांस अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मेदातून. म्हणजे आहार बदलून ज्याला थोपवता येतं असं हे दुखणं, आणि त्याला अशर समजून सोडून दिलं तर तेवढं नुकसान भरून निघत नाही. दुसरा एक आजार २०१० मध्ये जनुकासकट ओळखला गेला. त्यात नसा, कान, तोल, पडदा आणि मोतीबिंदू असे सगळे बिघडतात आणि लहान मेंदू खरोखर आक्रसतो. दोनच वर्षांत एक असं कुटुंब सापडलं ज्याला डॉक्टरांनी तिसऱ्या प्रकारचा अशर सांगितला होता, पण जनुकं तपासल्यावर निघाला हा आजार. जुन्या शोधनिबंधांतल्या आकसलेल्या लहान मेंदूंपैकी काही या खात्यात गेले तर नवल वाटायला नको. म्हणूनच अशरचं निदान झालेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये लहान मेंदू स्पष्ट झिजलेला दिसला, तर आजार बळावला असं मानण्याआधी निदान पुन्हा तपासायला हवं.

दुसरी वाट उपासमारीची. ज्या भागाला काही मिळतच नाही, तो भाग वाढेल कसा? याचा सर्वांत जुना पुरावा एका विलक्षण बाईच्या मेंदूतून मिळाला. लॉरा ब्रिजमन १८२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मली. दोन वर्षांची असताना लोहितांग ज्वरानं तिचे कान आणि डोळे नेले. उजव्या डोळ्यात थोडा उजेड आठव्या वर्षापर्यंत राहिला. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी तिला १८३७ पासून स्पर्शातून भाषा शिकवली, हेलन केलरच्या जन्माच्या कितीतरी आधी. तिला भेटायला १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स गेला होता. तिच्या आजारात आनुवंशिकतेचा काही भाग नाही. तिचा मेंदू जन्मतः निरोगीच होता, आणि म्हणूनच तो इथे महत्त्वाचा आहे. १८८९ साली ती वारली तेव्हा हेन्री डोनाल्डसन या शरीरशास्त्रज्ञानं तिचा मेंदू मिलिमीटरच्या अंशांत मोजला. मेंदूचा वरचा थर एकूणच पातळ होता, आणि जी इंद्रियं गेली त्यांच्या जागी अधिक पातळ. म्हणजे जनुकात काहीही खोट नसताना, केवळ दारं बंद झाल्यामुळे, मेंदूची रचना बदलते. आज एखाद्या अशर रुग्णाच्या एमआरआयवर दृष्टीचा भाग पातळ दिसला, तर त्यावरून रोग तिथवर पोचला असं सिद्ध होत नाही.

मेंदू नुसता उपाशीही राहत नाही. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा दृष्टीचा भाग कामाला लागतो. बहिऱ्या लोकांत ऐकण्याचा भाग हलत्या चित्रांना प्रतिसाद देतो, हे २००१ मध्ये दिसलं. रिकाम्या पडलेल्या जागेत शेजारची इंद्रियं वस्तीला येतात. अशरच्या माणसात हे दोनदा होत असावं: आधी डोळे कानांच्या जागेत शिरतात, आणि पुढे डोळेही मागे हटतात तेव्हा स्पर्श दोन्हीकडे पसरतो. हाताच्या पंज्यावर खुणा वाचणाऱ्या माणसाचा वेग पाहिला, की मेंदूतला हा बदल दोष म्हणून नोंदवायला मन धजत नाही.

✽

तिसरी वाट आहे जनुक स्वतःच मेंदूत काम करतं ही. इथला शोध मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो.

पेती यांच्याच गटानं २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी पेती यांना ऐकण्याच्या यंत्रणेवरच्या कामासाठी कावली पुरस्कार मिळाला, जेम्स हडस्पेथ आणि रॉबर्ट फेटिप्लेस यांच्यासह. निबंधातला प्रश्न असा होता: केसपेशीतला तो दुवा बनवणारी दोन प्रथिनं कानाबाहेर कुठे आणखी असतात का? उत्तर मिळालं गर्भातल्या उंदराच्या मेंदूत.

मेंदूतल्या पेशी ढोबळपणे दोन कामं करतात. काही चेतवतात, काही आवरतात. आवरणाऱ्या पेशी नसतील तर चेतना भडकत जाते आणि आकडी येते. या आवरणाऱ्या पेशी जिथे काम करायचं तिथे जन्मत नाहीत. गर्भाच्या मेंदूच्या तळाशी एका उंचवट्यात त्या तयार होतात आणि तिथून वरच्या थरापर्यंत लांबचा प्रवास करून आपापल्या मुक्कामी पोचतात. पेती यांच्या गटाला आढळलं की यांतल्या काही पेशींच्या अंगावर तीच दोन प्रथिनं आहेत, कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५. आणि त्या पेशी निघतात ऐकण्याच्या भागाकडे. यांतलं एक प्रथिन नसलेल्या उंदरांत या पेशी वरच्या थरात शिरूच शकल्या नाहीत, खालीच विखुरलेल्या राहिल्या. जन्मानंतर पाहिलं तर ऐकण्याच्या भागात, आणि फक्त त्याच भागात, आवरणाऱ्या पेशींचा एक मोठा वर्ग कमी पडला होता. मोठ्या आवाजानं या उंदरांना आकडी येई. केसपेशींतलं आणखी एक अशर प्रथिन, एडीजीआरव्ही-१, नसलं तरी पेशींच्या या प्रवासात अडथळा येत होता. गंमत अशी की याच जनुकातल्या बिघाडानं उंदरांना आवाजामुळे आकडी येते, हे २००१ पासून माहीत होतं. तेव्हा तो धागा अशरशी कुणी जोडला नव्हता.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. आजवर सगळे असं धरून चालले होते की अशरच्या मुलाच्या मेंदूचा ऐकण्याचा भाग जन्मतः निरोगी असतो, आवाज मिळत नाही म्हणून तो मागे पडतो, आणि कानात कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसवलं की मागे पडणं टळतं. पेती यांचं म्हणणं असं की काही जनुकांच्या बाबतीत तो भाग आवाज पोचण्याच्या आधीपासूनच, आईच्या पोटातच, थोडा वेगळा घडलेला असू शकतो. कान आणि मेंदू, दोन्ही ठिकाणी एकच प्रथिन, एकच खोट.

हे उंदरांवरचं काम आहे, आणि उंदीर या आजारात एकदा चकवा देऊन गेले आहेत. पहिल्या प्रकारची जनुकं बिघडलेले उंदीर बहिरे होतात, तोल जाऊन गोल गोल गिरक्या घेतात, त्यांतल्या एका जातीला वॉल्ट्झर असंच नाव आहे. पण ते माणसांसारखे आंधळे होत नाहीत. कारण सापडलं २०१२ मध्ये, तेही पाश्चर संस्थेतच: माणसाच्या प्रकाशपेशींभोवती अगदी बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, अशरची प्रथिनं तिथेच राहतात, आणि उंदरांना ते उंचवटे जवळपास नसतातच. तेव्हा उंदराच्या मेंदूतलं सगळं माणसाच्या मेंदूत असेलच असं नाही. प्रत्यक्ष अनुभव धीर देणारा आहे. पहिल्या प्रकारच्या ज्या मुलांना इम्प्लांट लवकर मिळालं, त्यांच्यातली बहुतेक मुलं बोललेलं समजू लागली आणि बोलू लागली, हे अनेक देशांतल्या दवाखान्यांनी नोंदवलं आहे. पेती यांच्या शोधानं त्या अनुभवाला धक्का बसत नाही. शस्त्रक्रियेनंतर एखादं मूल अपेक्षेपेक्षा मागे राहिलं तर "आईनं सराव करून घेतला नाही" असं म्हणण्यापूर्वी, कुठलं जनुक आहे हे पाहायला मात्र या शोधानं भाग पाडलं पाहिजे.

आणि इथे वेळेला फार किंमत आहे. अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद वयाला साजेसा होतो, आणि सातव्या वर्षानंतर झालं तर तो बहुधा मागेच राहतो. औषधांच्या प्रयोगांतही हेच दिसतं. फ्रेंच वंशाच्या आकेडियन लोकांना ब्रिटिशांनी १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललं, त्यांतले कित्येक पुढे लुइझियानात स्थिरावले, आणि त्यांच्यात अशरचा एक विशिष्ट बदल पिढ्यानपिढ्या उतरला. तोच बदल घातलेल्या उंदरांना न्यू ऑर्लिन्सच्या जेनिफर लेंट्झ यांच्या गटानं २०१३ साली जन्मानंतर लगेच एका इंजेक्शनानं ऐकणं आणि तोल परत दिला. उपचार द्यायचा तो नवजात वयात, आणि आपल्याकडे निदान होतं दहाव्या-पंधराव्या वर्षी, पडदा निम्मा गेल्यावर.

महाराष्ट्रात या बाबतीत काहीच नाही असं नाही. मुंबईत १९७७ पासून बेरोझ वाच्छा यांनी सुरू केलेली हेलन केलर इन्स्टिट्यूट बहिऱ्या आणि मूकबधिर-अंध मुलांसाठी काम करते आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि लहान मुलांना सरकारी मदतीनं कॉक्लिअर इम्प्लांट देण्याच्या केंद्राच्या योजनेचं काम तिच्याकडूनच चालतं. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात बधिरांधत्वाला जागा मिळाली. कमी आहे ते या साऱ्यांना जोडणारं काम. बहिऱ्या मुलाचे डोळे तपासायचे असतात हे मूकबधिर शाळेला माहीत नसतं. उशिरा चालणाऱ्या बहिऱ्या मुलाच्या पडद्याची विद्युत चाचणी पहिल्या काही वर्षांतच, मुलाला रातांधळेपणा जाणवण्याआधी, बदल दाखवू शकते. पण बहिऱ्या बाळाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं कुणाच्या मनात येत नाही. हे बदलायला नव्या यंत्रांची गरज नाही. एका कागदावर तीन प्रश्न पुरतात: ऐकतं का, कधी चाललं, अंधारात धडकतं का.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेपूर्वी बहुतेक मुलांचा एमआरआय काढतात, ऐकण्याची नस जाग्यावर आहे का हे पाहायला. कानात उपकरण बसल्यावर त्यातल्या चुंबकामुळे पुढचे एमआरआय अवघड होतात आणि त्यांतली चित्रं बिघडतात, म्हणून हा पहिला एमआरआय मोलाचा असतो. तो काढतानाच लहान मेंदू आणि मेंदूचे वरचे थरही नीट पाहा, मोजा, असं क्ष-किरणतज्ज्ञाला सांगता येतं, त्याला वेगळा खर्च नाही. पण त्या चित्राच्या शेजारी जनुकाचा अहवाल असायला हवा. तो असेल तर आकसलेला लहान मेंदू रेफ्समकडे बोट दाखवतो की आणखी कशाकडे, ऐकण्याचा भाग उपाशी आहे की मुळातच वेगळा घडलाय, हे प्रश्न विचारता येतात आणि मुलाला त्याप्रमाणे उपचार, आहार, शिक्षण देता येतं. तो नसेल तर अहवालात 'लहान मेंदूचा आकार किंचित कमी' एवढी एकच ओळ उतरते, आणि ती मुलाच्या शाळेच्या फायलीत जाऊन बसते.